मुरलीधररावांचं जपानी

लग्नाआधी मुरलीधरराव आठ महिने जपानात राहून आले होते, आणि लग्नानंतर ते जपान तीसेक वर्षं वैजयंतीबाईंच्या घरात राहायला होतं.

कंपनीने त्यांना ओसाकाजवळ साकाईला, यंत्रांच्या कारखान्यात ट्रेनिंगसाठी पाठवलं होतं. त्या शिदोरीवर त्यांनी किती पंगती गाजवल्या याला गणती नव्हती. जपानी माणूस जरा उशीर झाला तर कमरेत कसा वाकतो, निरोपाच्या दिवशी आपण अस्सल जपानीत भाषण कसं ठोकलं, आणि ते ऐकून डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी कसं आलं. वैजयंतीबाईंचा हिशेब साधा होता. दहा आणे खरं, सहा आणे फोडणी. डायरेक्टरचं पाणी त्यांनी सरळ फोडणीत धरलं होतं.

यंदा दोघं मुलाकडे, अंशुमनकडे, लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला आली होती. तिथे विमानं कौलांना घासून जावीत इतकी खाली यायची आणि मुरलीधरराव खिडकीशी बसून प्रत्येक विमान कुठल्या कंपनीचं ते मोठ्याने जाहीर करायचे. सून निधी घरूनच काम करायची. पंधरवडाभर तिने हे ऐकलं आणि मग शनिवारचा एक क्लास बुक करून टाकला. ॲक्टनला हारुमी नावाची एक जपानी बाई, लंडन बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना स्वतःच्या घरी जपानी घरगुती स्वयंपाक शिकवायची. शाकाहारी बेतही करायची.

“बाबांना कुणीतरी जपानी बोलायला मिळेल,” निधी म्हणाली.

वैजयंतीबाईंना ही कल्पना भलतीच आवडली. इतक्या वर्षांनी दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होणार होतं. मुरलीधररावांना मात्र अचानक आपला गुडघा आठवला. वापरात नसली की भाषा गंजते असंही ते म्हणाले, आणि स्वयंपाक हा काही आपला प्रांत नव्हे. पण पैसे परत मिळत नाहीत असं निधीने सांगितल्यावर त्यांचा इलाज खुंटला.

हारुमीचं घर ॲक्टन टाउन स्टेशनपासून जवळच होतं. चाळिशीची, बुटकी, हसरी बाई. स्वयंपाकघर एवढंसं, पण भांडं न् भांडं जागच्या जागी. ब्राझीलचं एक नवं जोडपं आणि नॉर्वेच्या एक निवृत्त शिक्षिका आधीच ॲप्रन बांधून उभी होती. हारुमीने वाकून सगळ्यांचं स्वागत केलं. वैजयंतीबाईंनी नवऱ्याला कोपराने हळूच पुढे ढकललं आणि इंग्रजीत सांगून टाकलं, की ह्यांना जपानी येतं.

मुरलीधररावांनी घसा खाकरला. मग एक लांबलचक वाक्य बोलले.

हारुमीचे हात थांबले. तिने काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, ओट्यावरच्या रताळ्यांकडे बोट करून आणखी काही म्हणाले, आणि हारुमी तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

उघडं पडलं एकदाचं, वैजयंतीबाईंना वाटलं. वाटलं खरं, पण जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. परक्या घरात, परक्या लोकांसमोर नवऱ्याला कुणी असं हसावं हे त्यांना रुचेना.

हारुमीने डोळे पुसले आणि वाकून माफी मागितली. मग तिने सगळ्यांना समजावून सांगितलं, की ह्यांचं जपानी उत्तम आहे. फक्त ते साकाईच्या माझ्या आजीसारखं बोलतात. तिथल्या जुन्या बायका रताळ्याला नुसतं रताळं म्हणत नाहीत, आदराने ‘रताळेबाई’ म्हणतात. ‘ओइमोसान.’ मिशीवाल्या पुरुषाच्या तोंडून हे ऐकेन असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

ब्राझीलची मुलगी खुसखुसली. मुरलीधररावांनी मिशीवरून हात फिरवला आणि छताकडे पाहिलं. हे कुठे शिकलात, असं हारुमीने विचारल्यावर ‘कारखान्यात’ एवढंच म्हणाले. वैजयंतीबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कुठल्या कारखान्यातले डायरेक्टर आजीबाईंसारखे बोलतात?

मग मुळा आला. मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र जपानी मुळा. हारुमीने एकेक तुकडा सगळ्यांना दिला, साल जाड काढा म्हणाली आणि ब्राझीलच्या नवऱ्याला सुरी धरायला शिकवू लागली. वैजयंतीबाईंनी आपला तुकडा सोलून शेजारी पाहिलं. मुरलीधररावांची सुरी जागची हलत नव्हती, फिरत होता तो मुळा. सालीची लांब पट्टी न तुटता ओट्यावर उतरत होती. सोलून झाल्यावर त्यांनी चकत्या केल्या आणि प्रत्येक चकतीच्या धारदार कडा सुरीने हलक्या हाताने मारल्या. वर हारुमीला त्यांनी तांदळाचं धुवण मागितलं.

“ते मी आता सांगणारच होते,” हारुमी म्हणाली. “धुवणात उकडला की मुळ्याचा उग्रपणा जातो. आणि कडा मारल्या की शिजताना फुटत नाही. हे कारखान्यात शिकवतात?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुरलीधररावांनी अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. साकाईला कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यात मासा. आमटीतसुद्धा मासा. महिन्याभरात पँट कमरेवर राहीना, तेव्हा कँटीनच्या तीन म्हाताऱ्यांनी त्यांना आत ओढलं आणि वेगळं रांधायला सुरुवात केली. फुकट बसून खायची लाज वाटली म्हणून ते रोज पाळीच्या आधी जाऊन मुळे सोलायला लागले. भाषा तिथेच आली. निरोपाचं भाषणही तिथेच, बटाट्याच्या पोत्यांपुढे झालं.

“आणि डायरेक्टर?” वैजयंतीबाईंनी मराठीत विचारलं.

“अगं, कँटीनची डायरेक्टरच होती ती. थोरली.”

तीस वर्षांत सोललेले दुधी, भोपळे, सुरण वैजयंतीबाईंच्या डोळ्यांसमोरून गेले. पाहुणे असले की पहाटेपासून ओट्याशी उभं राहायचं, आणि हा माणूस दारात येऊन ‘अजून किती वेळ?’ विचारायचा. असे हात असून. राग तर आलाच, पण त्या पंचवीस वर्षांच्या, पँट सुटणाऱ्या पोराचं हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना नीट एकही करता येईना.

एवढ्यात हारुमीने फोनवर साकाईला आईला व्हिडिओ कॉल लावला होता. हे आईने ऐकायलाच हवं, असं तिचं म्हणणं. तिकडे रात्रीची जेवणं आटोपत होती. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला, मुरलीधरराव दोन वाक्यं बोलले आणि चेहरा हसत हसत पडद्याबाहेर गेला. तो परत यायला वेळ लागला. कारखाना कुठला हे म्हातारीने विचारलं, पण ती कारखान्याच्या बाजूची नव्हती, तिला त्या तिघींपैकी कुणीच ठाऊक नव्हती. मग तिने वैजयंतीबाईंकडे बघून काहीतरी विचारलं.

“आई विचारतेय,” हारुमी म्हणाली, “घरीही तुम्हाला अशीच मदत करत असतील ना?”

मुरलीधरराव मुळ्याकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

“रोज,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “सांगा त्यांना, रोज करतात.”

म्हातारीने दोन्ही हात जोडून मुरलीधररावांचं कौतुक केलं. त्यांना मान वर करवेना.

जेवण छान झालं. मुळ्याची चकती चमच्याने तुटेल इतकी मऊ शिजली होती, वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, गोडसर लेप. नॉर्वेच्या बाईंनी मुरलीधररावांकडून कडा मारायला शिकून घेतलं. परतीच्या ट्रेनमध्ये दोघं शेजारी बसली.

“आपल्या घरी का नाही केलंत कधी?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

मुरलीधररावांनी विचार केला. “तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं,” ते म्हणाले. “घरी आई होती. ती धाकटी अरुणा होती. त्यांच्यासमोर हातात सुरी घ्यायची म्हणजे… मग राहूनच गेलं.”

हे उत्तर वैजयंतीबाईंना खरं वाटलं. पटलं मात्र नाही.

“मी आज तुमच्यासाठी थेट जपानपर्यंत खोटं बोललेय,” त्या म्हणाल्या. “तेही या वयात. आता ते तुम्ही खरं करून द्या.”

सोमवारपासून हाउन्सलोच्या स्वयंपाकघरात मुरलीधरराव उभे राहू लागले. मदत मिळाली, पण सोबत तपासनीसही आला. सुरीला धार नाही, कांदा एकसारखा नाही, अंशुमनने आणलेला दुधी जून आहे. निधी मीटिंगमधून उठून दोनदा बघून गेली आणि सासूच्या कानात ‘आई, हे असं किती दिवस?’ विचारून गेली. वैजयंतीबाई सोफ्यावर बसायच्या, पण रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळायचं नाही, म्हणून त्या टीव्हीचा आवाज उगाच कमीजास्त करायच्या.

गुरुवारी पुण्याहून मुरलीधररावांच्या बहिणीचा, अरुणाचा फोन आला. तो त्यांनी ओट्यापाशीच घेतला. हवा, गुडघा, अंशुमनची नोकरी असं सगळं बोलून झालं. तिने विचारलं असावं, दादा, करतोयस काय?

“काही नाही गं,” मुरलीधररावांचा आवाज आला. “बसलोय आपला.”

वैजयंतीबाईंनी टीव्ही बंद केला.

“अहो,” त्यांनी बाहेरून खणखणीत हाक मारली, “फ्लॉवरचे तुरे जरा मोठेच ठेवा हं!”

“दादा, फ्लॉवर?” अरुणावन्सांचा आवाज फोनमधून थेट सोफ्यापर्यंत आला.