लाल फेस

सभागृहाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत रांग होती, आणि रांगेतला जो तो काही ना काही खाजवत होता. आत साबणबाबा सांगत होते की जगातला सर्वांत सौम्य साबण हाच. निरोगी कातडीला तो कळतही नाही, कातडीत शिरलेल्या बाधेचे मात्र रक्त काढतो. मग हातावर हळदीचा लेप चढे, त्यावर ओली वडी फिरे, आणि पाहता पाहता फेस लालभडक होई. सभागृह हात जोडी. पुरावा मागण्याचे काम जोडलेल्या हातांना जमत नाही, हे बाबांना पक्के ठाऊक होते.

लॉन्ड्रीत काम करणारी एक बाई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन पाचव्यांदा आली होती. सात साबण बदलून झाले होते. पोरीची कोपरे सोलवटली होती, चादरीवर रोज रक्ताचे ठिपके. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचे मलम बाबांच्या सांगण्यावरून बंद केले होते. बुडत्याला काडीचा आधार. काडी विकणारा मात्र काठावर कोरडा असतो.

"आई, भाजतंय," लेक कळवळली.

"तुला नाही गं, बाधेला भाजतंय," बाबा हसले.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत खाणावळीची टेबलावरची कापडे आली. तिने हळदीच्या डागावर साबण घासला. डाग लाल झाला. अठरा वर्षे रोज होत आला होता. तिचा हात मात्र आजच थांबला.

"काय गं, भूत बघितलंस का?" शेजारच्या मावशींनी विचारले.

"हो. आणि मीच ते पोरीच्या अंगावर बसवलं."

संध्याकाळी ती लेकीला घेऊन परत गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत, हेच तिला अधिक लागले. हळद साबणातल्या क्षाराने लाल होते, त्यांनी समजावले. आणि इतका क्षार सोलवटलेल्या कातडीला झोंबणारच. म्हणजे बाबांचा चमत्कार आठवड्यामागून आठवडे बाबांच्याच साबणाविरुद्ध साक्ष देत होता.

पुढच्या बैठकीला तिने लेकीऐवजी हळद लावलेले फडके पुढे केले आणि बाबांचीच वडी त्यावर घासली. फडके लाल झाले.

"बाबा, याला कुणाची बाधा?"

"श्रद्धा नसली की असंच व्हायचं."

"फडक्याला कुठून आणू श्रद्धा?"

कुणी हसले नाही. तान्ह्याला छातीशी धरलेला एक बाप पुढे आला. "ताई, असेल खोटं. पण आमच्याकडे दुसरं काय आहे?"

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तिने त्याच्या हाती दिली: वास नसलेला, कमी क्षाराचा साबण, कोमट पाणी, अंग ओलसर असतानाच मलम. "वेळ लागेल, दादा. पुरतं जाईलच असंही नाही. पण बाळ ओरडणार नाही."

तो चिठ्ठी वाचत राहिला, आणि वाचता वाचता रांगेबाहेर आला. त्याच्या मागचा माणूस मात्र एक पाऊल पुढे सरकला.

त्या माणसासाठीच हे लिहिले आहे. अगतिक होण्यात लाज नाही. पण चमत्कार लेकराच्या अंगावर करू देण्याआधी एकदा फडक्यावर करून पाहा.