उशिरा उजळलेला पापुद्रा

मी एक जुना पापुद्रा आहे. हसू नका, मित्रांनो! नखाएवढ्या काचेवर चिकटलेला, कांद्याच्या सालीहून पातळ. पण माझा जन्म काही साधासुधा नाही.

प्रयोगशाळेतल्या ताईने प्लास्टिकचे दाणे द्रवात विरघळवले, त्यात चिमूटभर पांढरी पूड घातली आणि थेंबभर मिश्रण गरगर फिरणाऱ्या काचेवर सोडले. द्रव उडून गेला, मी उरलो. पुडीचे रेणू माझ्या पोटात इतके घट्ट बसले की त्यांना कूस बदलायलाही जागा नव्हती. असे जखडलेले रेणू दिवा विझल्यावरही थोडा वेळ उजेड देतात. ताई तीन वर्षे त्याच उजेडाच्या मागे होती. शनिवारपर्यंत एकही पापुद्रा उजळला नाही, तर तिचे काम बंद होणार होते.

शनिवारी तिने मला जांभळ्या दिव्याखाली धरले. पाच सेकंद. खट्! दिवा बंद. मी आपला मिट्ट काळोखात.

"यात काही दम नाही गं," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "सोड आता."

"बरं, सर." ताईचा आवाज इतका बारीक झाला की मला भरून आले.

मला ओरडून सांगायचे होते, अगं, थांब ना जरा! माझ्यात हवा मुरलेली असते. तिच्यातला ऑक्सिजन माझा उजेड आधी गिळतो. दिवा आणखी थोडा वेळ चालू राहिला असता, तर तो ऑक्सिजन संपला असता आणि मी उजळलो असतो. पण पापुद्र्याला कुठले तोंड? ताईने मला डबीत ठेवले, वर फुली मारली आणि ती प्रयोगशाळा सोडून गेली.

किती वर्षे लोटली, कोण जाणे. एका दुपारी सफाईच्या मावशींनी टाकायच्या डब्या उघडून त्याच जांभळ्या दिव्याखाली मांडल्या. चुकून त्याचे बटण दाबले गेले. मावशी निवांत फडके मारत राहिल्या. जाताना त्यांनी खोलीतले सगळे दिवे घालवले.

"अगं बाई! हे अजून पेटलेलंच?"

हिरवागार उजळलो होतो मी! ताईची ती धडपड मावशींनी तेव्हा पाहिली होती; त्यांनी तिथूनच तिला फोन लावला, स्पीकरवर.

"दिवा किती वेळ चालू होता, मावशी?"

"असेल की पाच-दहा मिनिटं."

हुंदका आवरत ताई म्हणाली, "मी तो पाचच सेकंद दिव्याखाली धरला होता हो."

येते म्हणाली आहे. दार वाजले की वाटते, आलीच. मित्रांनो, कोणावरही फुली मारण्याआधी त्याला थोडा जास्त वेळ द्या. आणि माझी ताई भेटली तर म्हणावे, मावशींनी मला टाकलेले नाही, लवकर ये.