शेजारची जागा भरलेली धरावी

बसमध्ये माणसं उभी आहेत आणि तरीही एक जागा रिकामी आहे, असं होऊच शकत नाही, असं परिवहन खात्याच्या संगणकाचं ठाम मत होतं. 'उभे: नऊ' आणि 'रिकाम्या जागा: एक' असे दोन आकडे एका ओळीत शेजारी आले की तो ती ओळ लाल करी. नव्या मोजणीदाराच्या पहिल्या महिन्याच्या कागदांत अशा एकशे सत्तर ओळी लाल झाल्या. बाकीच्या सगळ्या मोजणीदारांच्या मिळून चार. त्याही एकाच दिवशीच्या, एका सीटवर कोणीतरी ओकलं होतं त्या दिवशीच्या.

काम तसं डोकं चालवण्याचं नव्हतं. चोवीस जागांची छोटी बस. तिचा नकाशा कागदावर छापलेला, प्रत्येक जागेला एक चौकोन. माणूस बसला की चौकोनात पुरुष की स्त्री ते लिहायचं आणि चढल्याच्या थांब्याचा नंबर टाकायचा. उठला की उतरल्याचा नंबर. खाली दर थांब्याला उभ्यांचा आकडा. सगळं शाईच्या पेनाने, खाडाखोड न करता. मोजणाऱ्याने वीस नंबरच्या जागेवर खिडकीला बसायचं, कारण तिथून दोन्ही दारं दिसतात. आणि मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही. हे शेवटचं वाक्य नियमांच्या पुस्तकात जाड ठशात होतं, आणि त्यामागे कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

एकोणीस नंबरची जागा त्याच्या शेजारची. तीच रिकामी राही.

मोजणीदाराचा आजा बोटीने आला होता आणि गोदीत पोती मोजण्याच्या कामाला लागला होता. बाप इथे जन्मला, हाही इथेच जन्मला, इथल्याच शाळेत छड्या खाऊन शिकला. पण रंग, केस आणि नाक आज्याचं ते आज्याचंच राहिलं. तोंड उघडलं की तो इथला वाटे आणि मिटलं की तिकडचा. आता बसमध्ये माणूस बहुतेक वेळ तोंड मिटूनच बसतो.

एकोणिसाव्या जागेपाशी येऊन न बसणाऱ्यांच्या जाती त्याला महिन्याभरात पाठ झाल्या. काही जण जागा बघून झपाट्याने येत, मग त्याला बघत, आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं घडत असल्यासारखे तिकडे पाहत राहत. काहींना नेमका तेव्हाच फोन येई. काही सज्जन म्हणत, "असू द्या, पुढच्याच थांब्याला उतरायचंय," आणि मग अकरा थांबे उभे राहत. बायका पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत. लहान पोरं तेवढी सरळ येऊन बसत. त्यांना आया दंडाला धरून उठवत आणि "काकांना त्रास नको देऊ" म्हणत. इतक्या सगळ्यांना आपल्या त्रासाची काळजी आहे, हे पाहून कुणाचंही मन भरून आलं असतं.

त्याने आपल्या परीने उपाय केले. ओळखपत्र शर्टाच्या बाहेर, छातीवर दिसेल असं लटकवलं. टाय लावला. हसून पाहिलं, तर समोरच्या दोघी मागे सरकल्या. न हसता पाहिलं, तर तेच झालं. गुडघे इतके आवळून बसू लागला की संध्याकाळी मांड्या भरून येत. बायको म्हणाली, "अहो, मी बसत्ये ना तुमच्या शेजारी सात वर्षं. अजून काही लागलं नाही मला." मग म्हणाली, "कायमचा हुकूम येईपर्यंत जरा जुळवून घ्या."

कायमचा हुकूम ही त्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू होती, आणि ती अजून घरात आलेली नव्हती. उमेदवारी सहा महिन्यांची. तोवर नवराबायको तिच्या भावाच्या मागच्या खोलीत राहत. त्या खोलीत भावाची शिडी, जुनी गादी आणि एक न चालणारं धुलाई यंत्रही राहत होतं, आणि ते आधीपासून राहत असल्यामुळे त्यांचा मान मोठा होता. हुकूम हातात पडला की खात्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळणार होत्या. मेहुणा रोज जेवताना विचारी, "मग, काय म्हणतंय ऑफिस?" त्याला खरं म्हणजे शिडी पुन्हा नीट आडवी ठेवायची होती.

दुसऱ्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. मोजणी विभागाचे हे साहेब निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी हैराण आणि मनाने चांगले होते. खात्यात मन चांगलं असलेला माणूस या पदाच्या वर जात नसे. त्यांनी लाल कागद टेबलावर पसरले आणि एकोणीस नंबरच्या जागेला झालंय तरी काय, असं विचारलं.

"काही नाही साहेब. लोक बसत नाहीत."

"का बसत नाहीत?"

"ते त्यांनाच विचारायला हवं, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं, आणि सीट फाटलेली असणार असा निष्कर्ष काढून वर्कशॉपला चिठ्ठी पाठवली. तीन दिवसांनी वर्कशॉपचा सहीशिक्क्याचा दाखला आला. एकोणीस नंबरची जागा मजबूत, रेक्झिन अखंड, स्प्रिंगा शाबूत, बसण्यास पूर्ण योग्य. मोजणीदाराला त्या जागेचा जरा हेवाच वाटला. असा दाखला त्याला कुणी कधी दिला नव्हता.

मग साहेबांनी त्याच बसवर, त्याच वेळेला ऑफिसातल्या दुसऱ्या मोजणाऱ्याला पाठवलं. याला सगळे आकडेबहाद्दर म्हणत, कारण पाऊस असला की तो घरी बसूनच कागद भरी आणि त्याची ओळ जन्मात कधी लाल झाली नव्हती. पण त्या दिवशी ऊन होतं, तो खरोखर गेला, आणि एकोणीस नंबरची जागा पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत भरलेली होती. एक बाई तर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, असं त्याने चहाच्या वेळेला सगळ्यांना सांगितलं.

म्हणजे सिद्ध झालं. जागा चांगली, बस चांगली, लोक चांगले. आकडा तेवढा खोटा. मोजणीदाराकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, आणि खुलासा समाधानकारक नसेल तर उमेदवारी संपवण्यात येईल, असंही त्यात होतं.

खुलासा लिहायला तो रात्रभर बसला. 'मी' या शब्दापर्यंत आला की पेन अडे. काय लिहायचं? माझं तोंड असं आहे म्हणून? कुणी त्याला एका शब्दाने काही बोललेलं नव्हतं. शिवी दिली असती तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहिता आले असते. जे झालंच नाही त्याचा खुलासा कसा करायचा? शेवटी त्याने एकच ओळ लिहिली: साहेबांनी एकदा सोबत यावं.

आणि साहेब आले. सकाळची पावणेनऊची फेरी. पहिल्या थांब्यालाच चढले आणि मागच्या दाराजवळचा दांडा धरून उभे राहिले. चौथ्या थांब्यापर्यंत बस भरली. पाचव्याला सहा माणसं उभी होती, सातव्याला अकरा. एकोणीस नंबरची जागा सकाळच्या उन्हात स्वच्छ चमकत होती. आठव्याला एक म्हातारे चढले. हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. ब्रेक लागला की ते अख्खे हेलकावत. त्यांनी जागा पाहिली, मोजणीदाराला पाहिलं आणि काठी घट्ट धरली.

मोजणीदाराने नियम मोडला. उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बाकाच्या दोन्ही जागा तो पुरता वळायच्या आत भरल्या. म्हातारे एकीवर, एक पोरगेलासा कारकून दुसरीवर. म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कारकुनाला म्हणाले, "आजकाल बसायला मिळणं म्हणजे नशीब."

शेवटच्या थांब्याला दोघं खाली उतरले. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"पाहिलं मी," ते म्हणाले.

"हो साहेब."

"वाईट आहे हे. फार वाईट." मग त्यांनी गुडघा चोळला. वीस थांबे उभं राहून तो सुजला होता. मोजणीदाराची नजर गुडघ्यावर गेलेली त्यांना दिसली. "मी निरीक्षणाला आलो होतो ना. बसलो असतो तर नीट दिसलं नसतं."

"हो साहेब."

हे खरंही होतं. साहेब खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. पण पाचव्या थांब्याच्या ओळीतल्या सहा उभ्यांमध्ये मोजणीदाराने त्यांनाही मोजलं होतं, आणि तो आकडा बदलावा असं त्याला काही वाटलं नाही.

साहेबांनी मनावर घेतलं. वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं की कागदात 'कारण' असा एक रकाना वाढवावा. उत्तर आलं की संगणकाला आकडे कळतात, कारणं कळत नाहीत. मग त्यांनी नियमांचं पुस्तक चाळून काढलं. नादुरुस्त जागा रिकामी धरू नये, असं एक कलम होतं. पण वर्कशॉपने आपल्या दाखल्याचा अपमान होतो म्हणून हरकत घेतली. मोजणीदाराला दुसऱ्या मार्गावर टाकावं, तर तिथेही लोकच होते. अखेर सहावा महिना लागला तेव्हा एका दुपारी दार लोटून घेऊन साहेब त्याला हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघ बाबा, तू चांगला मुलगा आहेस. शेजारची जागा भरलेली धर."

"कोणी बसलेलं नसताना?"

"तू खोटा नाहीस, हे मला माहीत आहे. पण ते मला माहीत असून तुझा हुकूम निघत नाही. खुलासा मी फाईलमधून काढून टाकतो. आता महिनाअखेरपर्यंत एकही लाल ओळ नको, खाडाखोड नको. एक जरी निघाली, तर फाईल वर जाईल, आणि वर मी नाही."

आज्याने गोदीत कधी एक पोतं कमीजास्त सांगितलं नव्हतं, अशी घरात ख्याती होती. पोती मोजताना खोटं बोलायची गरज पडत नाही, हे मोजणीदाराच्या आता लक्षात आलं. पोतं शेजारच्या पोत्याकडे बघत नाही. बायकोला त्याने रात्री सांगितलं. ती शिडीकडे बघत म्हणाली, "बसू द्या कोणाला तरी. कागदावर का होईना."

दुसऱ्या दिवसापासून एकोणीस नंबरच्या जागेवर माणूस बसू लागला.

पण चौकोनात पुरुष की स्त्री हे लिहावं लागे, चढल्याचा थांबा लिहावा लागे. म्हणजे नुसतं खोटं बोलून भागत नव्हतं, ते रचावं लागत होतं. स्त्री लिहायला त्याचा हात धजेना. कागदावरसुद्धा उगाच कशाला, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने पुरुष लिहिलं. चौथ्या थांब्याला चढणारा, विसाव्याला उतरणारा. बहुधा चष्मा घरी विसरणारा, नाहीतर बसला कशाला असता? हा गृहस्थ रोज येऊ लागला. कधी फोन आला नाही त्याला, की पुढच्याच थांब्याला उतरायचं नव्हतं. एकही ओळ लाल झाली नाही. संगणक समाधानी होता. साहेब जाता येता पाठीवर थाप मारत. मार्गाचे आकडे इतके सुधारले की आकडेबहाद्दरालाही शंका आली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हुकूम टंकून तयार होता, सही तेवढी संध्याकाळी व्हायची होती. बायकोने सकाळीच धुलाई यंत्रावरचे आपले कपडे काढून पिशवीत भरायला घेतले होते. मेहुणा आज विचारत नव्हता, नुसता हसत होता.

पावणेनऊची फेरी. चौथ्या थांब्याला त्याने सवयीने एकोणिसाव्या चौकोनात 'पु' लिहिलं, पुढे चार लिहिले. सहाव्याला नऊ जण उभे होते. बस सुटली, आणि पुढच्या गर्दीतून एक बाई वाट काढत मागे आली. चाळिशीची, दवाखान्यात कामाला असावी. पायांत पांढरे बूट आणि डोळ्यांखाली रात्रपाळी. तिने जागा पाहिली. त्याला पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं नाही, पर्सला हात लावला नाही. वाकून, अगदी कुणालाही विचारावं तसं तिने विचारलं, "इथे कोणी बसलंय का?"

सहा महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याची नजर कागदावर गेली. चौकोनात शाईने 'पु' होतं. समोर बाई होती. संध्याकाळी सही होती.

"हो," तो म्हणाला. "बसलंय."

बाईने रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच नीट त्याच्याकडे पाहिलं. छातीवरच्या ओळखपत्राकडे, आवळलेल्या गुडघ्यांकडे. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. ते तो ओळखत होता. "बरं," असं पुटपुटत ती मागच्या मागे दोन पावलं सरकली आणि वळून पुढे चालू लागली.

तेवढ्यात त्याला सुचलं की ती बसली असती तर काय बिघडलं असतं? कागदावर पुरुष बसला होता, सीटवर ती बसली असती. कागद थोडाच वर बघतो? तो अर्धा उठला, हाक मारायला तोंड उघडलं. तिने मान वळवून पाहिलं आणि पर्स पोटाशी घट्ट धरली. एक दणकट गृहस्थ दांडा सोडून दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. असं तोंड असलेल्या माणसाने भरल्या बसमध्ये एका बाईला मागून हाक मारली की पुढे काय काय होतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तो खाली बसला.

सातव्या थांब्याला कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. उभे नऊ होते, नऊच राहिले. त्याने आकडा लिहिला. ओळ बरोबर आली.