देव आला तरी

या, असे पुढे सरका. खांबाला टेकू नका, टेकलेल्या माणसाला कथा लागत नाही, झोप लागते. मोबाईल खिशात ठेवा. गोष्ट त्याचीच आहे, तेव्हा त्याने न ऐकलेली बरी. कसबा पेठेतल्या श्यामसुंदर करड्यांची कथा सांगतो. अस्सल पुणेरी दुकानदार म्हणून हे गृहस्थ जगभर गाजले. त्यात अडचण एवढीच होती, की माणूस गोड होता.

श्यामरावांचं दुकान टाळ-चिपळ्यांचं. शिवाय घुंगरू, बुक्का, अष्टगंध. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग खुर्ची, मग वस्तू. "हा जोड वाजवून बघा. नाद विरेपर्यंत थांबा. घाई काय आहे?" असं म्हणत ते एकेका टाळाला पाव तास घालवायचे. संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तनाला पहिल्या रांगेत. आख्यान पन्नासदा ऐकलेलं असो, बुवा उत्तररंगात शिरले की ह्यांच्या डोळ्यांतून धारा.

आणि हे दुकान दुपारी उघडं असायचं. हो, पुण्यात. कारण खडकीचे मन्सूरभाई.

मन्सूरभाईंची नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात आणि जीव पेटीत. वडील दादामियाँ पेट्या दुरुस्त करायचे, त्यांचा हात मुलाकडे आला. देवळातल्या कीर्तनात तीस वर्षं पेटीवर मन्सूरभाईच. पहिली पाळी सुटली की तीनच्या सुमाराला दुकानाच्या पायरीवर डाव्या अंगाला येऊन बसायचे. मग चहा, आणि आदल्या दिवशीच्या बुवांची चिरफाड.

"श्यामराव, काल बुवांनी सुदाम्याला द्वारकेला पोचवायला दीड तास लावला."

"पायी गेला तो, मन्सूरभाई."

"जाऊ दे की पायी. प्रत्येक पावलाला तान कशाला?"

नोकरीतून निवृत्त झाले, तरी त्यांची तीनची वेळ सुटली नाही. श्यामरावांनी एकदा सांगूनच ठेवलं होतं, "हे दार दुपारी कधी बंद दिसलं, तर समजा मी आजारी आहे."

तर अशा दुकानात एका शनिवारी पुणं बघायला सहल आली. हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीची वीस मंडळी, पुढे छत्री उंच धरलेल्या बाई. ह्या सगळ्यांनी पुणं आधीच पाहिलेलं होतं. विनोदी पुस्तकांत, नाटकांत, मोबाईलवर ढकललेल्या चुटक्यांत. आता पुणं त्याबरहुकूम वागतं की नाही, एवढंच तपासायचं बाकी होतं. श्यामरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. वाघ बघायला जावं आणि वाघाने नमस्कार करावा, तसं झालं.

"काका, काहीतरी बोला ना," एक मुलगी म्हणाली.

"काय बोलू, बाळ?"

"म्हणजे, अपमान करा ना आमचा! प्लीज!"

पाहुण्याची इच्छा मोडायची श्यामरावांना सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "तुम्ही... तुम्ही आलातच कशाला?" आणि लगेच, "ऊन फार आहे हो, सरबत करायला सांगू का?"

सहल खट्टू होऊन निघाली. "हे ओरिजिनल पुणेकर नसणार," छत्रीवाल्या बाईंनी निकाल दिला. करड्यांच्या सात पिढ्या त्याच गल्लीत तांबं ठोकून गेल्या होत्या. पण पुस्तकात नसतील, तर त्याला बाई तरी काय करणार?

"मला हाक मारायचीत," पडद्यामागून श्यामरावांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या. "विसाच्या वीस जणांचं समाधान केलं असतं." अस्सल माल आत स्वयंपाकघरात होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

पुतण्या संपतने हा प्रकार ऐकला. संपत हिंजवडीत कामाला. रोज चार तास कंपनीच्या बसमध्ये अडकून त्याला जगाचं ज्ञान झालेलं. तो म्हणाला, "काका, लोक टाळ घ्यायला येत नाहीत. पुणं घ्यायला येतात. तुम्ही तो मालच ठेवत नाही." आणि रविवारी त्याने स्वहस्ते पाट्या रंगवल्या.

'टाळ वाजवून बघू नयेत. वाजतात.'

'पत्ता विचारू नये. घरून निघताना माहीत नव्हता का?'

'दुपारी १ ते ४ बंद. देव आला तरी.'

तिसरी वाचून श्यामरावांनी जीभ चावली. "अरे, जन्मभर कीर्तनात ऐकलं काय आम्ही? देव येतो तोच मुळी अवेळी, आणि वेष पालटून!"

"काका, देवालाही विनोद कळतो."

देवाला कळला की नाही ठाऊक नाही, मोबाईलला कळला. कुणीतरी पाट्यांचं चित्रण केलं. मागे श्यामराव गालाला हात लावून गप्प बसलेले. दाढ दुखत होती बिचाऱ्यांची! खाली मजकूर आला: 'ही तुच्छतेची नजर फक्त पुण्यातच.' लाखो लोकांनी पाहिलं. दुकानापुढे रांगा लागल्या. लोक यायचे, अपमान करून घ्यायचे, धन्य व्हायचे. श्यामराव शिकले. चष्म्यावरून बघायचं, दोन क्षण थांबायचं आणि म्हणायचं, "मग?" एवढ्यावर लोक टाळ्या पिटायचे.

पण सोंग अंगाला चिकटतं. एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्याने टाळाचा जोड वाजवून बघू का, म्हणून विचारलं, आणि श्यामरावांचं बोट आपोआप पाटीकडे गेलं. रांग हसली. म्हातारा हसला नाही. जोड ठेवून निघून गेला. त्या संध्याकाळी देवळात ध्रुवाचं आख्यान होतं, आणि पहिल्यांदाच श्यामरावांचे डोळे कोरडे राहिले. बुवा रंगले होते; ह्यांना मात्र दिसत होतं, की ध्रुव जरा जास्तच रडतो आहे.

मन्सूरभाईंनी ह्यातलं काही पाहिलं नव्हतं. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत देवळात नऊ दिवस कीर्तन असतं. त्यासाठी पेटीचा भाता बदलायला म्हणून ते ती तीन आठवडे घरी घेऊन गेले होते. हात थरथरायला लागल्यापासून कामाला वेळ लागायचा.

इकडे एक ते चार श्यामराव आतल्या पलंगावर टक्क डोळ्यांनी पडून राहायचे. दुपारी झोपायची सवय कुठे होती? बाहेर हौशी मंडळी दार ठोठावायची, "काका, देव आलाय!" म्हणून ओरडायची, आणि आतून शिवी येते का, त्याचं चित्रण करायची. संपतने बजावलं होतं, उघडलंत की संपलं.

पाडव्याच्या चार दिवस आधी तीन वाजता दारावर थाप पडली. हळू. थोड्या वेळाने पुन्हा एक.

"बघा तरी कोण आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"कोण असणार? कॅमेरा."

पुन्हा थाप पडली नाही. चार वाजता दार उघडलं, तर समोरचा चहावाला बजरंग चादरीत गुंडाळलेली पेटी घेऊन उभा.

"खडकीचे चाचा आलते. रिक्षानं. लई धाप लागली होती. अर्धा तास तुमच्या पायरीवर बसले."

श्यामरावांनी पेटी हातात घेतली. "पाटी वाचली त्यांनी?"

"वाचली की. चष्मा पुसून दोनदा वाचली."

"मग?" हा 'मग' मात्र चष्म्यावरून आला नव्हता.

"म्हणाले, अक्षर संपतचं आहे, श्यामराव असं लिहायचे नाहीत. दार बंद आहे म्हणजे त्यांना बरं नसणार. झोपू दे, उठवू नको. पेटी तेवढी दे."

लाखो लोकांनी ते दुकान पाहिलं होतं आणि त्यांना श्यामराव कळले होते. एका माणसाने पाटी दोनदा वाचली, आणि तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आणि दार लावलं होतं, ते नेमकं त्यालाच.

श्यामरावांनी तिन्ही पाट्या उपटून बजरंगच्या शेगडीजवळ टाकल्या आणि तशीच रिक्षा केली. खडकीला मन्सूरभाईंच्या पत्नीने, अख्तरबानूंनी, दार उघडलं. त्या बघतच राहिल्या. "अहो भाऊ, तुम्ही आजारी ना? आल्यापासून हे माझ्यामागे लागलेत, श्यामरावांना काढा पाठव म्हणून. स्वतःला उठवत नाही, ते बघा!"

खाटेवर मन्सूरभाई उशीला टेकून बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"बरं वाटतंय का आता?" त्यांनीच आधी विचारलं.

"आता वाटतंय." श्यामराव खाली मान घालून म्हणाले, "आत जागाच होतो मी, मन्सूरभाई. थाप ऐकली."

मन्सूरभाईंनी त्यांना निरखून बघितलं. "म्हणजे आजार खरा होता की. काय झालं होतं?"

"पुणेरीपणा."

"साथ आहे. मोबाईलवरून पसरते." हसताना त्यांना खोकला आला.

"मग तुम्हाला कशी लागली नाही?"

"माझं काय आहे, श्यामराव, सिनेमात माझ्या नावाचा माणूस आला की लोक आधी त्याच्या हातात सुरा शोधतात. मी जन्मभर हातात पेटी घेऊन हिंडलो. चित्रावर विश्वास ठेवायची चैन आपल्याला परवडली नाही." मग अख्तरबानूंकडे वळून, "काढा झालाच आहे तर दे ह्यांना. कडू कर. पुण्याचे आहेत, आवडेल."

श्यामरावांनी तो कडूजहर काढा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. इतके दिवस रोखलेलं पाणी तेव्हा कुठे डोळ्यांतून वाहिलं.

पाडव्याला मन्सूरभाई रिक्षाने आले आणि नव्या भात्याची पेटी वाजवली. बुवांनी त्या दिवशीही सुदाम्याला तासभर चालवलं, आणि पेटीवरून मन्सूरभाईंनी श्यामरावांकडे बघून हळूच डोळा मिचकावला. रामनवमीला पेटीवर दुसरा कुणी होता. पूर्वरंग संपल्यावर बुवांना हार घालतात, साथीदारांना बुक्का लावतात. त्या वर्षी बुक्क्याचं पहिलं बोट श्यामरावांनी पेटीच्या भात्याला लावलं.

दुकान आता पुन्हा दुपारी उघडं असतं. मोबाईलवर त्याची कीर्ती लयाला गेली. 'मालक फार नम्र. पुणेरी अनुभव मिळाला नाही,' असं लिहून लोकांनी पाचापैकी एकच तारा दिला आहे. मंदाकिनीबाई म्हणतात, एक तरी का दिला, विचारून या.

तुम्ही कसब्यात गेलात, तर तीनच्या सुमाराला जा. दार उघडं असेल, पाण्याचा तांब्या पुढे येईल. पायरीवर थोडी डावीकडे जागा सोडून बसा. आणि पाणी पिताना, आमचं एवढंच मागणं आहे, खडकीच्या मन्सूरभाईंची आठवण काढा.