किटलीचा डाग

मुलीला जुळी झाली त्या वर्षाची ही गोष्ट. बाळंतिणीच्या मदतीला म्हातारी जावयाकडे आली, ती आपली पितळी किटली काखोटीला मारूनच. किटलीची तोटी एकदा निखळली होती, ती तिच्या नवऱ्याने डाग देऊन जोडली होती. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. म्हातारी म्हणे, "लोक अब्रूला डाग लावतात, ह्यांनी किटलीला दिला. टिकला मात्र."

जावई रसायनवाला. पाण्यात विरघळलेलं शिसं ओळखणारी कागदी पट्टी तो बनवत होता. पट्टी हिरवट, शिसं असलं की तांबडी व्हायची. गंमत अशी, की जावयाला हिरवं आणि तांबडं एकसारखंच दिसे. प्रयोगशाळेत यंत्र आकडा सांगे, घरी बायको रंग सांगे. बाकी कुणाला पत्ता नव्हता. म्हातारीने मात्र लग्नातच ओळखलं होतं. जावयाच्या एका पायात हिरवा मोजा होता, दुसऱ्यात तांबडा.

एका सकाळी मुलगी जुळ्यांना घेऊन झोपली होती, आणि जावई स्वयंपाकघरात पट्ट्या घेऊन ताटकळत उभा.

"आई, जरा रंग सांगता का?"

"आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, जावईबापू. तुमच्या सासूला राखाव्या लागतात. दाखवा."

नळाचं पाणी हिरवं निघालं. पिंपातलंही हिरवं. मग त्याने किटलीतल्या निवलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. जुळ्यांच्या दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवत.

म्हातारी बघत राहिली. 'हिरवी' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटत होता. जावई पट्टीकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता.

"हिरवीच ना?"

"तुमचा लग्नातला डावा मोजा आठवतो?"

"अजून तेच का, आई?"

"पट्टी त्या रंगाची झालीय."

"डावा कुठला होता?"

"तांबडा. ओतून टाका ते पाणी."

त्याने पाणी ओतलं. मग हळूच म्हणाला, "डागात शिसं असतं. तेव्हा सगळेच तसं जोडायचे. त्यांची काही चूक नाही."

"त्यांच्या चुका मला नका सांगू. मला पाठ आहेत." आणि किटली पदराने पुसून तिने त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. घरात ठेवाल तर माझा हात पुन्हा तिच्याकडेच जाईल."

बाळांचं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. किटली प्रयोगशाळेतच राहिली. नव्या पट्ट्या तयार झाल्या की आधी तिच्यातल्या पाण्यात बुडवत. तांबड्या झाल्या नाहीत तर पट्ट्या बाद. म्हातारी शेजारणींना सांगे, "आमचे हे जन्मभर कुठे टिकून राहिले नाहीत. मेल्यावर नोकरीला लागले, तेही जावयाच्या हाताखाली."

जुळी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, म्हातारी छातीत कफ होऊन वारली. वय त्र्याहत्तर.