अरुंधती न दिसलेली बाई

दिवेलागण झाली की सारं गाव माळावर जमायचं आणि माना वर करून उभं राहायचं. शे-दीडशे माणसं. बदनापूरकडून आलेला नक्षत्रबाबा सप्तर्षींकडे बोट करायचा.

"शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून बारीक अरुंधती. दिसली तर वाचला. न्हाई दिसली, तर सहा महिन्यांत यमाचा पाहुणा!"

१९८६चा तो वैशाख. मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. म्हाताऱ्या म्हस्कूला अरुंधती दिसली नाही. बाबाचा 'चंद्रमणी', पितळी कड्यात बसवलेला चमकता मणी, डोळ्याला लावूनही दिसली नाही. म्हस्कूनं अन्न सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडला आणि एकविसाव्या दिवशी गेला. गाव हादरलं. लोक बाबाला शेळ्या-कोंबड्या देऊन मण्यातून बघायला धावू लागले. काहींना त्यातून अरुंधती खरंच दिसायची.

माझ्या शेजारच्या वच्छलाबाईलाही दिसली नाही. नवऱ्यानं, कचरूनं, बाबाला द्यायला शेळी सोडली, तर तिनं दावं धरलं. "घरात लेक बाळंतीण हाय. दूध कुठून आणाल? मी मेले तरी चालंल." आणि तिनं अंथरूण धरलं.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. ती पुटपुटली, "गुरुजी, लग्नात भटजीनं दाखवली, तवाबी दिसली न्हवती. लाजंनं 'दिसली' म्हणले."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस."

"मंग सहा महिने कवाच सरले की!"

तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. भीतीला असलं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी कचरू आणि मी तिला धरून माळावर नेलं. सगळ्यांदेखत मी चष्मा काढला.  वसिष्ठ पुसट झाला, अरुंधती गेली.

"मला दिसत न्हाई. बाबा, मीबी मरणार का?"

बाबानं मणी मुठीत झाकला. मी तोच चष्मा वच्छलाबाईच्या डोळ्यांवर ठेवला. तिनं मान वर केली. मग तिला हुंदका फुटला. "दिसली! इवलीशी हाय..."

बाबा निसटू लागला. कचरूनं त्याचा हात पकडून मणी काढून घेतला. कंदिलाजवळ धरला, तर पितळी कड्यात नुसती जुन्या चष्म्याची काच!

"लांबचं कमी दिसणाऱ्याला हिचा उपयोग," मी म्हणालो. "म्हस्कूला मोतीबिंदू होता. त्याला काच काय करणार?"

म्हस्कूची बायको आसराबाई पुढे आली. "मंग माझा म्हातारा कशानं गेला?"

 मी म्हणालो, "भीतीनं, मावशी. आणि आम्ही उशिरा बोललो म्हणून."

वसिष्ठ-अरुंधती ही आकाशातली ताऱ्यांची जोडी आहे. ती कुणाचं आयुष्य ठरवत नाही. दिसली नाही, तर डोळे तपासून घ्या. आणि कुणी मरणाची मुदत सांगू लागला, तर त्याला तिथंच, चारचौघांत प्रश्न विचारा.