उभ्या धाग्याचा निरोप

गोपीचंदचा धंदाच असा, की कोशाचा धागा काढणारीला विणणारा कोण ते कळू द्यायचं नाही, आणि विणणाऱ्याला ती. दोघांची ओळख झाली, तर मधल्या गोपीचंदला विचारतो कोण? म्हणून पवनीच्या सोमाजींचा जन्म कोसा रेशीम विणण्यात गेला, तरी धागा कुठून येतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि विचारतील तर ते सोमाजी कसले! धागा तुटला की दोष हाताचा, धाग्याला नाव ठेवायचं नाही, असं त्यांच्या घरात चालत आलेलं.

उन्हाळ्यातल्या खेपेचे उभे धागे तटातट तुटू लागले. सांधावेत, पुन्हा तुटावेत. साडी काही पुढे सरकेना.

"गोपीचंदले विचारा ना, धागाच खराब असन," बायको रत्नाबाई म्हणाली.

"माहे हात गेले," सोमाजी म्हणाले.

त्या दिवसापासून ते जेवतानासुद्धा हात लपवू लागले. शेवटी अर्धीच साडी कापून गोपीचंदच्या हवाली केली आणि माग मोडला. विणताना पाय सोडायचा खड्डा स्वतःच माती टाकून बुजवला. दुसरं काही येत नसलेल्या माणसानं हे करावं, म्हणजे कमालच झाली. पण त्यांना सांगणार कोण?

दिवाळीनंतर आसगावची धागा काढणारी सुंदरबाई, पवनीत माग कोणी मोडला ते विचारत दारात आली. विणणाऱ्यानं काम सोडलं म्हणून गोपीचंदनं तिचा धागा घेणं बंद केलं होतं.

"भाऊ, माह्या धाग्यानं तरास झाला का? त्या खेपेच्या कोशाले पानी लागलं होतं. उभ्यात लावू नोका, तान सोसनार नाही, आडव्यातच घाला, असा निरोप मी गोपीचंदजवळ देल्ला होता."

सोमाजींनी लपवलेले हात पुढे घेऊन पाहिले. हात धड होते. त्यांनी लगेच गोपीचंदला फोन लावला.

"हे मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तं धागा कोनाचा तेही विचारलं असतं तुम्ही," गोपीचंद चाचरत म्हणाला. मग उलट त्यानंच विचारलं, "पन भाऊ, इतका तुटून राहिला होता, तं तुम्ही एक डाव तरी काहून नाही विचारलं?"

 सोमाजींनी फोन खाली ठेवला. रत्नाबाई पदरानं डोळे पुसत होती. मागाचा खड्डा बुजवून सारवलेल्या रिकाम्या जमिनीकडे सुंदरबाईनं पाहिलं.

"मंग आता माहा धागा कोन विनन?" तिनं विचारलं.